आणखी एक तास नको

प्रश्नावली भरून घ्यायच्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त आवाज खोडरबरांचा असतो. नववीचा वर्ग. प्रत्येकाच्या पुढ्यात चार पानं, डावा हात कोपरात वाकवून पानाभोवती घातलेलं कुंपण. प्रश्न साधे असतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, काही करण्यात गोडी वाटत नाही, असं तुला किती वेळा झालं?’ खाली चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. वर्गशिक्षिका बाकांच्या रांगांमधून फिरत होत्या. त्या जवळ आल्या की खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी आपली खूण खोडून ‘अजिबात नाही’वर करायची. त्या पुढे सरकल्या की पुन्हा खोडायची. तिसऱ्या खेपेला तिथला कागद इतका झिजला होता की भोकच पडायचं बाकी होतं. मी बाईंना हळू आवाजात विनंती केली, त्या लगेच बाहेर गेल्या, आणि दोनेक मिनिटांत वर्गातली खोडाखोड थांबली. पानं गोळा करताना त्या मुलीनं विचारलं, “हे बाईंना दाखवणार का?”

त्या बाई कडक नव्हत्या, खाष्ट तर मुळीच नव्हत्या. कुणाला प्रश्न कळला नाही तर समजावून सांगावा, एवढ्याच हेतूनं त्या फिरत होत्या. पण गुण देणारी, घरी चिठ्ठी पाठवणारी, पुढच्या वर्षी कुठल्या तुकडीत बसायचं ते ठरवणारी व्यक्ती शेजारी उभी असताना चौदा वर्षांची मुलगी ‘जवळजवळ रोज’ या चौकटीत खूण करत नाही. अशा प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे. किशोरवयीन मुलांच्या आरोग्यासाठी शाळेत काय करावं, या प्रश्नाचा विचार करताना मला आजही आधी ते झिजलेलं पान आठवतं.

हा प्रश्न अधूनमधून उसळून वर येतो. एखाद्या विद्यार्थ्याची आत्महत्या होते, शाळेमागे व्यसनाच्या पुड्या सापडतात, कुणाला तरी वर्गमित्रांनी छळ छळ छळलेलं असतं. मग मोठी माणसं बसतात आणि ठरतं काय? अभ्यासक्रमात विषय घाला. आठवड्यातून एक तास ठेवा. तज्ज्ञांचं व्याख्यान लावा. पुस्तिका छापल्या जातात, शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, काहीतरी केल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं. माझं म्हणणं असं की हे समाधान आपल्याला महागात पडतं आहे. जादा तासानं बहुतेक वेळा काही साधत नाही, क्वचित उलटंच होतं, आणि ज्यानं खरंच फरक पडतो असं दिसलं आहे ते काम, म्हणजे शाळा रोज ज्या रीतीनं चालते ती रीत बदलणं, आपण टाळत राहतो.

हे मी मनानं सांगत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत साथरोगशास्त्रज्ञांनी शाळांमध्ये जे मोजून ठेवलं आहे त्याच्या आधारावर सांगतो आहे. साथरोगशास्त्र म्हटलं की लोकांना कॉलरा आणि देवी आठवते. पण या शास्त्राचं मूळ काम मोजण्याचं: कोण आजारी पडतं, कुठे, कधी, आणि शेजारच्याच ठिकाणी तेच का घडत नाही. किशोरवयाला ही नजर लावणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज पॅटन यांचं नाव अगदी वर घ्यावं लागेल. ते २०२२ मध्ये गेले. मूळचे मानसोपचारतज्ज्ञ. दवाखान्यात येणारी मुलं पाहायची म्हणजे गळतीखाली बादली ठेवण्यासारखं. पॅटन छपराकडे पाहायला गेले. १९९२ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळांमधली सुमारे दोन हजार मुलं त्यांच्या गटानं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत, पुढे संसाराला लागेपर्यंत, पुन्हा पुन्हा गाठून विचारपूस केली. त्यातून दिसलं की मोठेपणी नैराश्य आणि चिंता घेऊन जगणाऱ्यांपैकी अनेकांची सुरुवात शाळेच्या वयातच झाली होती. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांचा कुमारवयातला त्रास थोडक्यात आटोपला त्यांना मोठेपणी तो पुन्हा गाठण्याची शक्यता पुष्कळ कमी होती. म्हणजे या वयात त्रासाचे महिने जरी कमी करता आले तरी पुढची कित्येक वर्षं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दहा ते एकोणीस वयाच्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हे प्रमाण लावून पाहा.

आता जादा तासाचं काय होतं ते पाहू. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांविषयी शिकवायचा, मुलं शपथ घ्यायची. पालक खूश, पोलीस खूश, शाळा खूश. कार्यक्रम देशभर पसरला. मग संशोधकांनी ही मुलं आणि हा कार्यक्रम न मिळालेली मुलं यांची वर्षानुवर्षं तुलना केली. व्यसनांच्या प्रमाणात टिकणारा फरक सापडला नाही. कार्यक्रम मात्र पुढेही अनेक वर्षं जोरात चालला, कारण तो सगळ्यांना आवडत होता.

ब्रिटनमध्ये सजगतेची, म्हणजे श्वासाकडे आणि मनातल्या विचारांकडे शांतपणे पाहण्याची, तालीम शाळेच्या तासाला देऊन पाहिली गेली. ऐंशीहून अधिक शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांवर मुलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फायदा नाही, आणि ज्यांना आधीपासूनच त्रासाचा धोका होता त्यांच्याबाबतीत थोडं नुकसानच झालं असावं अशी चिन्हं. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मला यात नवल वाटत नाही. स्वतःच्या मनात डोकावून बघ, असं एखाद्या दुःखी मुलाला तीसजणांमध्ये बसवून सांगायचं आणि तास संपला की पुढच्या विषयाचं पुस्तक काढायला लावायचं. डोकावून जे दिसलं ते त्यानं कुठे न्यायचं?

पण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो तो पश्चिम ऑस्ट्रेलियातला बाहुल्यांचा प्रयोग. कल्पना फार पटण्यासारखी होती. शाळकरी वयात मुलींना दिवस जाऊ नयेत यासाठी तेरा ते पंधरा वयाच्या मुलींना शनिवार-रविवारसाठी एक यांत्रिक बाळ घरी न्यायला द्यायचं. ते रात्री-अपरात्री रडणार, त्याला दूध पाजायचं, लंगोट बदलायचा, मांडीवर घेऊन थोपटायचं. हयगय केली तर आतल्या यंत्रात नोंद होणार. दोन रात्री जागलेली मुलगी आपोआप शहाणी होईल. अनेक देशांतल्या शाळा हे करत होत्या आणि कुणालाच त्यात शंका नव्हती. सॅली ब्रिंकमन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ शाळा घेतल्या, बाहुलीचा कार्यक्रम कुठल्या शाळांत चालवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि मुली वीस वर्षांच्या होईपर्यंत दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. २०१६ मध्ये निकाल छापून आला. बाहुली मिळालेल्या मुलींपैकी ८ टक्क्यांना वीस वर्षांच्या आत मूल झालं होतं, न मिळालेल्यांपैकी ४ टक्क्यांना. गर्भपाताचं प्रमाणही बाहुलीवाल्या गटात जास्त, ९ टक्के विरुद्ध ६ टक्के.

असं का झालं असेल यावर तर्क लढवता येतात. बाळ घरी आलं की सगळे भोवती जमतात, आई कौतुकानं शिकवते, मैत्रिणी मागे लागतात. ज्या मुलीकडे एरवी कुणी पाहत नाही तिच्यासाठी ते दोन दिवस सुखाचे गेले असतील. कारण काहीही असो, चांगल्या हेतूनं आणि सरकारी पाठिंब्यानं वाटलेल्या त्या बाहुल्यांनी अपेक्षेच्या नेमकं उलट काम केलं. मोजलं नसतं तर आजही तो कार्यक्रम यशस्वी म्हणूनच गाजत राहिला असता. मुलींना विचारलं असतं तर त्यांनीही ‘छान होता’ असंच सांगितलं असतं.

म्हणून ‘मुलांवर कसले प्रयोग करता?’ असं कुणी रागानं विचारलं की मी ऐकून घेतो, पण मला ते पटत नाही. न तपासलेला कार्यक्रम एकदम सगळ्या शाळांना लावणं हाही प्रयोगच आहे. त्यात फक्त नोंद ठेवलेली नसते, आणि तुलनेला कुणी उरलेलं नसतं.

तुलना करायची तर शाळेत ती सोपी नसते. औषधाच्या चाचणीत एका रुग्णाला खरी गोळी आणि शेजारच्याला साखरेची गोळी देता येते. एकाच वर्गातल्या अर्ध्या मुलांना कार्यक्रम देऊन अर्ध्यांना वगळता येत नाही. मधल्या सुट्टीत सगळं मिसळतं, आणि ते मिसळावं असंच आपल्याला वाटत असतं. म्हणून चिठ्ठी टाकायची ती अख्ख्या शाळेची. पण मग दुसरी अडचण. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती, तोच मुख्याध्यापक. त्यामुळे एका शाळेतल्या दोनशे मुलांकडून दोनशे सुट्या माणसांइतकी माहिती मिळत नाही. समजा पन्नास शाळा घेतल्या, प्रत्येकीत दोनशे मुलं, म्हणजे दहा हजार. मुलांमधल्या एकूण फरकापैकी अवघा दोन टक्के वाटा शाळा-शाळांमधल्या फरकाचा आहे असं धरलं, तरी हिशेब केल्यावर त्या दहा हजारांचं वजन सुमारे दोन हजारांइतकंच भरतं. तेव्हा एका शाळेत कार्यक्रम झाला आणि तिथली मुलं सुधारली, असली बातमी वाचली की मी ती बाजूला ठेवतो. एक शाळा घेतली तर त्यात मुलं कितीही असोत, तुलनेपुरता तो आकडा एकच. तिथे फरक कार्यक्रमानं पडला की त्या वर्षी बदलून आलेल्या मुख्याध्यापकांनी, हे कळायला मार्ग नसतो.

आता जिथे काहीतरी हाती लागलं त्या कामांकडे येतो.

पॅटन आणि लिंडल बाँड यांच्या गटानं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिक्टोरियात गेटहाउस नावाचा प्रकल्प चालवला. २६ माध्यमिक शाळा, काहींत कार्यक्रम, बाकीच्या तुलनेला. कार्यक्रमातल्या प्रत्येक शाळेनं आधी आपल्याच मुलांना विचारायचं: इथे सुरक्षित वाटतं का, बोलायला कुणी आहे का, तुझ्या असण्याची दखल घेतली जाते का? उत्तरं शाळेच्या हातात ठेवायची आणि शाळेतल्याच गटानं त्यावरून बदल ठरवायचे. वर्गातले काही पाठ होते, पण भर शाळेच्या चालीरीतींवर. पहिले निकाल जेमतेम होते. नैराश्याच्या लक्षणांत फरक नाही. दारू-सिगरेटच्या प्रमाणात तीन ते पाच टक्क्यांची घट. कुणीही गाशा गुंडाळला असता. पण काही वर्षांनी त्याच शाळांत आठवीत आलेल्या पुढच्या तुकड्या त्यांनी पुन्हा मोजल्या. ही मुलं कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या शाळेत नव्हतीच, ती बदललेल्या शाळेत आली होती. त्यांच्यात ठळक धोक्याच्या वागण्याचं प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा सुमारे पाव हिश्शानं कमी निघालं. शाळेची चाल बदलायला वेळ लागतो आणि बदलली की तिचा लाभ नंतर येणाऱ्यांना मिळतो, हे त्या आकड्यांत मला दिसतं. मंत्र्यांना एका वर्षात अहवाल हवा असतो तेव्हा नेमकं हेच हरवतं.

इंग्लंडमध्ये ख्रिस बोनेल यांच्या गटानं ४० शाळा घेऊन त्यांतल्या निम्म्यांत तीन वर्षं असंच काम केलं. शाळेत एक कृतिगट. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही, आणि विद्यार्थी नुसते शोभेला नाहीत. भांडण झालं की शिक्षा ठोठावण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून काय मोडलं आणि ते कसं जोडायचं हे बोलायचं. २०१८ मध्ये निकाल आला: छळाचं प्रमाण थोडं उतरलं, आक्रमक वागण्यात फरक नाही, पण मुलांचं स्वास्थ्य सुधारलं आणि धूम्रपान, दारू, पोलिसांशी येणारा संबंध हेही कमी झालं. जादा खर्च प्रति विद्यार्थी ५८ पौंड.

‘थोडं उतरलं’ हे ऐकून नाकं मुरडणारे असतात. एवढ्याशा फरकासाठी तीन वर्षं? इथे जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञानं ऐंशीच्या दशकात मांडलेला विचार उपयोगी पडतो. समजा एका शाळेत हजार मुलं आहेत. त्यांतली शंभर जास्त धोक्याची. त्यांतल्या वीस टक्क्यांना, म्हणजे विसांना, पुढे गंभीर त्रास होणार. उरलेल्या नऊशेंचा धोका अगदी थोडा, चार टक्के. पण नऊशेंचे चार टक्के म्हणजे छत्तीस. ‘बिघडलेली मुलं’ हुडकून त्यांच्यावरच सगळा जोर लावला आणि त्यात शंभर टक्के यश आलं तरी जास्त मुलं त्रासात राहतातच, आणि ती त्या नऊशेंमधली असतात, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या शाळेचं वातावरण थोडंसं बरं झालं तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येतं. बेरीज मात्र मोठी होते. हुडकून काढलेल्या मुलांच्या कपाळावर बसणारा शिक्का टळतो, तो वेगळाच.

आणि नालंदा. बिहारमधल्या त्या जिल्ह्यात सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी मला या सगळ्या साहित्यात सर्वांत बोलकी वाटते. सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळा, नववीची मुलं, तीन गट. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: तिन्ही गटांतल्या शाळांत जीवनकौशल्यांचा सरकारी वर्गकार्यक्रम होताच. म्हणजे आपण ज्याची मागणी करतो तो तास सगळ्यांकडे होता. एका गटात तेवढंच. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला सेहेर नावाचा शाळाभर चालणारा कार्यक्रम, शिक्षकांच्या हातून. तिसऱ्या गटात तोच कार्यक्रम, पण त्यासाठी नेमलेल्या वेगळ्या व्यक्तीच्या हातून. ही व्यक्ती डॉक्टर नव्हे, मानसोपचाराची पदवी घेतलेलीही नव्हे. प्रशिक्षण देऊन तयार केलेली साधी समुपदेशक. तिनं शाळेत सभा घ्यायच्या, भित्तिपत्रक चालवायचं, मुलांचे गट बांधायचे, मनातलं लिहून टाकायची पेटी ठेवायची आणि ज्याला बोलायचं असेल त्याच्याशी एकट्यानं बोलायचं.

आठ महिन्यांनी मोजलं. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारलं होतं, छळ कमी, हिंसा कमी, नैराश्याची लक्षणं कमी. शिक्षकांच्या हातून चाललेला तोच कार्यक्रम मात्र नुसत्या वर्गकार्यक्रमाच्या बरोबरीलाच राहिला, पुढे गेला नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी समुपदेशकाच्या शाळांतला फायदा आणखी वाढलेला दिसला.

तोच कार्यक्रम, तीच पेटी, तीच भित्तिपत्रकं. फक्त हात वेगळे. यातून शिक्षक नालायक ठरतात असा अर्थ कुणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. शिक्षकाला आधीच शिकवायचं आहे, पेपर तपासायचे आहेत, तक्ते भरायचे आहेत, त्यात हे ‘जोडकाम’. जोडकाम म्हणून दिलेली गोष्ट जोडकामासारखीच होणार. आणि दुसरं कारण माझ्या त्या खिडकीकडच्या बाकावर आहे. ज्याच्या हातात गुण आहेत त्याला मूल मनातलं सांगत नाही, मग तो माणूस कितीही मायाळू असो. तिथे दोष बाईंचा नसून त्यांच्या जागेचा आहे. म्हणून शाळेत अशी एक व्यक्ती हवी जिचा परीक्षेशी संबंध नाही, जिला तिच्या कामाचा पूर्ण पगार मिळतो आणि जी उद्याही तिथेच असणार आहे. हिला मी चैन मानत नाही. शाळेला फळा लागतो तशी ती लागते.

तेवढं करूनही भागत नाही, कारण पेटी लावणं सोपं आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी देखणी तक्रारपेटी होती, वर मोठ्या अक्षरांत ‘निःसंकोच लिहा’. कुलपाला गंज चढला होता. किल्ली कुणाकडे, हे विचारल्यावर तिघांनी तिघांची नावं सांगितली. पेटी मुख्याध्यापकांच्या दारात असेल तर चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसतं. ती पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या बोळात असेल तर दिसत नाही. दर आठवड्याला ती उघडली, आणि ‘मुलींच्या संडासाला आतून कडी नाही’ अशी चिठ्ठी निघाल्यावर चार दिवसांत कडी बसली, तर पुढच्या आठवड्यात जास्त चिठ्ठ्या येतात आणि जास्त खोलातल्या येतात. कडीनंतर लिहिलं जातं ते कुणी तरी वाटेत अडवतं याबद्दल, आणि त्यानंतर कधीतरी घरातल्याबद्दल. मुलं आधी लहान गोष्टीनं पारख करतात.

मुलांमध्ये आपसांत जे चालतं त्याचाही उपयोग करता येतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत सिगरेटविरोधी एक चाचणी झाली, २००८ मध्ये तिचे निकाल आले. त्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारलं होतं की तुम्ही वर्गात कुणाचं ऐकता. जी नावं जास्त आली त्यांना दोन दिवस शाळेबाहेर नेऊन तयार केलं आणि मग दहा आठवडे त्यांनी आपापल्या दोस्तांशी येता-जाता गप्पा मारायच्या, व्याख्यान द्यायचं नाही. यात शिक्षकांनी निवडलेली ‘आदर्श’ मुलं नव्हती. मुलांनी निवडलेली होती, आणि त्यांतली काही मागच्या बाकावरची, वांड म्हणून ओळखली जाणारी असणारच. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर त्या शाळांत सिगरेट ओढण्याचं प्रमाण कमीच राहिलेलं दिसलं. हुशार मुलांना बिल्ले वाटून ‘आरोग्यदूत’ करण्याची आपली सवय मोडायला एवढा पुरावा पुरेसा व्हावा.

आणि काही बाबतींत तर मुलांशी एक शब्दही बोलावा लागत नाही. कुमारवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं; रात्री झोप उशिरा लागते, त्यात हट्ट किंवा आळस नसतो. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरानं २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७:५० वरून ८:४५ वर नेली. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली. मुलं उशिरापर्यंत जागतील आणि मिळालेला वेळ वाया घालवतील, ही मोठ्यांची भीती खोटी ठरली; शाळेच्या दिवसांतली झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. झोपेचं महत्त्व सांगणाऱ्या कुठल्याही पाठानं ३४ मिनिटं मिळवून दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तरीही वेळ बदलायची म्हटली की बस, शिफ्ट, पालकांची नोकरी, शिकवण्या असे शंभर अडथळे पुढे येतात. ते खरे आहेत. पण मग मुलांच्या झोपेपेक्षा आपल्याला बसचं वेळापत्रक सांभाळायचं आहे, असं उघड म्हणावं आणि सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला उभं करू नये.

या सगळ्यावर एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. नालंद्यात जमलं ते दुसरीकडे जसंच्या तसं जमेल याची हमी नाही. इंग्लंडमधली समोरासमोर बसवण्याची पद्धत जिथे शिक्षकासमोर मान वर करणं हाच उद्धटपणा समजतात तिथे नेली, तर ती बैठक म्हणजे नव्या नावाची शिक्षा होईल. म्हणून कार्यक्रमाची वही उचलून नेऊ नये. न्यायची तर पद्धत न्यावी: आपल्या शाळेतल्या मुलांना आधी विचारणं, त्यांच्या उत्तरांवरून ठरवणं, काही शाळांत करून पाहणं, काही शाळांत थांबणं, दोन-तीन वर्षं मोजणं, आणि फरक पडला नाही तर ते छापून कार्यक्रम बंद करणं. ही शेवटची पायरी सगळ्यांत अवघड. ज्या अधिकाऱ्यानं उद्घाटनाची फीत कापली त्याला ‘उपयोग झाला नाही’ असा अहवाल स्वीकारता यावा, त्याची बदली किंवा बदनामी होऊ नये, एवढी मोकळीक यंत्रणेनं द्यायला हवी. आज ती नाही, म्हणून प्रत्येक कार्यक्रम कागदावर यशस्वी असतो.

त्या खिडकीकडच्या मुलीला मी ‘नाही, बाईंना दाखवणार नाही’ असं सांगितलं होतं, आणि ते पाळलं. पानांवर नावं नव्हती, क्रमांक होते. नावांची यादी वेगळ्या पाकिटात बंद. पण स्वतःला इजा करण्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्याच संध्याकाळी तपासायचं आणि तिथे खूण असेल तर पाकीट उघडून त्या मुलापर्यंत मदत पोचवायची, असा आमचा नियम होता. तो आम्ही मुलांना सुरुवातीलाच सांगत असू. तिच्या पानावर, आधीच्या खुणेनं झिजलेल्या कागदाच्या खाली, तिथेही खूण होती. पाकीट उघडलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि विचारलं की हिच्याशी बोलायला इथे कोण आहे. मुख्याध्यापक भले गृहस्थ, त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, “तसं कुणी नाही. तिच्या वर्गशिक्षिकेलाच बोलावू का?”